डॉ. कोटणीस : चीनमधील सव्वाचार वर्षे

डॉ. कोटणीस हे नाव निघाले की आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना प्रथम चित्रपट आठवतो. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला, डॉक्टरांची भूमिका स्वतः केली आणि त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनी केली. त्या चित्रपटातील डॉक्टर प्लेगच्या साथीशी झुंजतात, शत्रूच्या तावडीत सापडतात, निसटतात. चित्रपट म्हणून ते ठीकच आहे. प्रेक्षकाला तीन तास खुर्चीत बसवायचे तर पू, रक्त आणि मोडलेली हाडे दाखवून कसे चालेल? परंतु खरे डॉ. कोटणीस शल्यविशारद होते आणि त्यांचे दिवस गेले ते बंदुकीच्या गोळ्यांनी, तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी चिंधड्या झालेल्या हातापायांवर काम करण्यात. त्यांच्याविषयी जे काही वाचायला मिळाले त्यातून माझ्या मनात राहिले ते हे काम. म्हणून या लेखात मी त्यांच्या प्रेमकथेपेक्षा त्यांच्या कामाकडे अधिक लक्ष देणार आहे. वाचकांनी माफ करावे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. सोलापूर त्या काळी गिरण्यांचे शहर होते आणि स्वातंत्र्यलढ्यात ते इतके पेटलेले होते की १९३०च्या मे महिन्यात सरकारला तेथे लष्करी कायदा पुकारावा लागला. पुढच्या वर्षी, १२ जानेवारी १९३१ रोजी, मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. लष्करी कायदा लागला तेव्हा द्वारकानाथ एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आज आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गात बसणारे आहोत त्याच वयाचे.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस आले. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले होते. तेथील अध्यापक आणि डॉक्टर भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. त्या काळी ही केवढी धीट गोष्ट! अशा ठिकाणी शिकून कोटणीस १९३६ साली पदवीधर झाले आणि पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीला लागले. अशा मुलाकडे घरची मंडळी कोणत्या डोळ्यांनी पाहत असतील हे सांगायला नको. चार-दोन वर्षांत दवाखाना, मग बहिणींची लग्ने, डोक्यावरचे कर्ज फिटणे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकते त्या घरातील हिशेब साधारण असाच असतो. आमच्याही घरात तो मांडला जातो. माझ्या आईवडिलांपैकी कोणी सातवीच्या पुढे गेलेले नाही.

पण १९३८ साली वेगळेच घडले. जपानने आदल्या वर्षी चीनवर आक्रमण केले होते. चिनी आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष त्या वेळी सुभाषबाबू होते. त्यांनी जनतेला आवाहन केले, वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. पाचांत दोघे आजच्या महाराष्ट्रातले, हे आपण सहसा विसरतो. डॉ. चोळकरांचे नाव तर आता कोणाच्या तोंडी नसते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईच्या धक्क्यावरून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. कोटणीसांचे वय सत्तावीस. गुलाम देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला डॉक्टर पाठवावेत, हा विचारच त्या काळच्या लोकांना रोमांचित करणारा वाटला असला पाहिजे.

पथक हाँगकाँगवरून कँटनला उतरले आणि तेथून हांकौ, इचांग असे करीत चुंगकिंगला पोचले. मागे एकेक शहर जपान्यांच्या हाती पडत होते. चुंगकिंगला असतानाच डॉ. कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. कोणीही त्यांना परत जा म्हटले असते. ते गेले नाहीत. याबद्दल मला आजही नीटसा निर्णय देता येत नाही. एवढ्या मोठ्या घरातील शिकलेला मुलगा, कमावते वडील गेलेले, आणि तो हजारो मैलांवर परक्यांच्या जखमा बांधतो आहे. चरित्रलेखक या ठिकाणी त्यागाचा एक परिच्छेद लिहून पुढे जातात. पण त्या त्यागातला अर्धा वाटा सोलापूरच्या घराने उचलला, त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढे तरी लिहिले पाहिजे असे मला वाटते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला आले. जपानी विमानांच्या बाँबफेकीमुळे तेथे माणसे डोंगरात कोरलेल्या गुहांत राहत, आणि इस्पितळेही गुहांतच होती. तेथे पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हा शब्द होता. कोटणीस ‘के तिहुआ’ झाले. त्यांनी चिनी भाषा मनावर घेतली. पुढे त्यांना ती इतकी आली की ते चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेतच शल्यशास्त्र शिकवीत. बोलणे एकवेळ कोणीही शिकेल, पण ती लिपी! आम्हांला मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीचा एक पेपर सोडवताना घाम फुटतो, त्यावरून कल्पना करावी.

आता थोडे जखमांविषयी. कारण डॉ. कोटणीस कशाशी लढत होते हे समजल्याशिवाय त्यांचे मोठेपण नुसते ऐकीव राहते.

हाड मोडणे ही एक गोष्ट आणि मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर येणे ही अगदी निराळी. हाड आतल्या आत मोडले तर आपले जुने हाडवैद्यदेखील कामट्या बांधून ते पुष्कळदा जुळवीत. पण कातडी फाटली की बाहेरची माती, कपड्याचे धागे, शेण सारे हाडापर्यंत जाते. त्यातही पाय सर्वांत वाईट. आपल्या नडगीवरून बोट फिरवून पाहावे. पुढच्या बाजूस मांस जवळजवळ नाहीच, कातडी आणि लगेच हाड. झाकायला मांस नाही, त्यामुळे रक्तपुरवठा तुटपुंजा, आणि रक्त नाही तेथे शरीराचे सैनिक पोचत नाहीत. मेलेले मांस आणि निर्जीव हाडाचा तुकडा म्हणजे जंतूंना आयते घर. मग पू, ताप, कधी गँगरीन, कधी धनुर्वात. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अशा रुग्णाचा पाय कापून टाकणे हाच उपाय समजला जाई, आणि कापल्यावरही पुष्कळजण मरत ते कापलेल्या जागेच्या पुवाने.

ही परिस्थिती पहिल्यांदा बदलली ती स्कॉटलंडमध्ये. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या इस्पितळात जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आणला गेला. गाडीचे चाक डाव्या पायावरून गेलेले, हाड मोडलेले, वर जखम. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने पाश्चरचे लेखन वाचले होते. जखम कुजते ती हवेमुळे नव्हे तर सूक्ष्म जंतूंमुळे, हे त्याला पटले होते. त्याने कार्बोलिक आम्लात भिजवलेले कापड जखमेवर ठेवले. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले, पू झालाच नाही. गाडीखाली सापडलेल्या त्या पोराच्या पायाने साऱ्या शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला म्हणावयास हरकत नाही.

पण लढाईतल्या जखमा कार्बोलिकलाही जुमानीत नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खतावलेल्या शेतांत खंदक खणून सैनिक लढले आणि त्या मातीने हजारो जखमा सडल्या. तेव्हा डॉक्टर एक कठोर धडा शिकले. जखम नुसती धुऊन भागत नाही. मेलेले मांस, कपड्याचे तुकडे, सुटलेली हाडाची कपची, सारे कापून काढले पाहिजे आणि त्यानंतर जखम शिवून टाकता कामा नये. ती उघडी ठेवायची. शिवली की आतला पू कोंडतो. चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर मग बंद करायची. दुसरा धडा, मोडलेले हाड हलू द्यायचे नाही. मांडीच्या हाडासाठी थॉमस नावाच्या डॉक्टरची लोखंडी चौकट त्या युद्धात वापरात आली आणि मरणाऱ्यांची संख्या फार खाली आली. हा थॉमस हाडवैद्यांच्या घराण्यातला होता, ही गोष्ट मला विशेष आवडली. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाच्या डॉ. त्रुएता यांनी जखम कापून स्वच्छ करायची, उघडीच ठेवून कापडाने भरायची आणि वरून पूर्ण प्लास्टर चढवायचे, अशी पद्धत वापरली. त्यांच्या १०७३ रुग्णांपैकी केवळ ६ दगावले. हे सर्व पेनिसिलिन मिळू लागण्यापूर्वीचे आहे, हे ध्यानात घ्यावे. डॉ. अटल स्वतः स्पेनमध्ये काम करून आलेले होते, आणि चीनमध्ये भारतीय पथकाच्या आधी आलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हेही स्पेनहूनच आलेले. म्हणजे एका युद्धात रक्ताच्या मोलाने शिकलेली विद्या दुसऱ्या युद्धात चालत आली.

हे सारे मी एवढ्या विस्ताराने लिहिते याला कारण आहे. मी दहावीत असताना माझ्या धाकट्या काकांचा पाय असाच मोडला. आमच्या दातिवऱ्याहून पहाटे मासळीचा टेंपो सफाळ्याला जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो कलंडला आणि काका खाली सापडले. नडगीचे हाड चिखलातून वर आलेले मी डोळ्यांनी पाहिले. कोणी हळद दाबली, कोणी टॉवेल गुंडाळला. ज्या पहिल्या दवाखान्यात त्यांना नेले तेथे जखम त्याच संध्याकाळी धुऊन, टाके घालून, वरून प्लास्टर बांधले गेले. बाहेरून सारे नीटनेटके दिसत होते. पाचव्या दिवशी खोलीत वास येऊ लागला, सहाव्या दिवशी काका तापात बरळू लागले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तेथील डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सगळे टाके उसवले. आई रडू लागली, की जुळत आलेली जखम पुन्हा फाडली. त्या तरुण डॉक्टरांनी शांतपणे समजावले, की आत कोंडलेले बाहेर येऊ द्यायचे आहे. चार वेळा काकांना शस्त्रक्रियेच्या खोलीत नेले. पायाबाहेरून लोखंडी सळ्या लावल्या, मांडीची कातडी काढून वर लावली. घरी आल्यावर रोजची मलमपट्टी माझ्याकडे आली, कारण काकू बाजारात बसत आणि आजीचे हात थरथरत. हात कोपरापर्यंत धुवायचे, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, पट्टीला वास येतो का पाहायचे. सव्वा वर्ष हे चालले. पाय वाचला. तो एक इंच आखूड झाला आणि काका आता बोटीवर जात नाहीत, जाळी विणतात. पण दोन पायांवर चालतात.

असो. सांगायचे ते असे, की डॉ. कोटणीसांच्या चरित्रात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या एवढे वाक्य आले की मी तेथेच थांबते. माझ्या मनात तो वास येतो. काकांच्या वेळी वीज होती, प्रतिजैविके होती, रक्तपेढी होती. उत्तर चीनच्या डोंगरात यातले काय होते?

नोव्हेंबर १९३९ मध्ये डॉ. अटल, डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस येनान सोडून आघाडीकडे निघाले. डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी त्यापूर्वीच परतले होते आणि पुढे डॉ. अटलही प्रकृतीमुळे परतले. उरले दोघे, बसू आणि कोटणीस. जपान्यांच्या ताब्यातील प्रदेशाच्या पाठीमागे, शान्सी-चाहार-होपेच्या सीमेवर, चिनी गनिमी सैन्याचा जो तळ होता तेथे ते १९४० साली पोचले. त्याच भागात डॉ. बेथ्यून काम करीत होते. त्यांची हकीकत थोडक्यात सांगितलीच पाहिजे. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, हातमोजे नव्हते, त्याच बोटाने त्यांनी पुढे एका कुजलेल्या जखमेवर काम केले, आणि रक्तात विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. जखमांशी लढणारा डॉक्टर जखमेनेच गेला. त्यांच्या समाधीपुढे डॉ. कोटणीस १९४० साली जूनमध्ये उभे राहिले. आपल्यालाही हेच काम, याच हातांनी, याच मातीत करायचे आहे, हे त्यांना तेव्हा कळले नसेल असे होणारच नाही.

बेथ्यून यांनी तेथे एक घडी बसवून दिली होती. बाहेरून औषधे येत नाहीत तर सुतार, लोहार, कल्हईवाले यांच्याकडून पाय बांधण्याच्या चौकटी आणि हत्यारे करून घ्यायची. पट्ट्या फेकायच्या नाहीत, धुऊन उकळून पुन्हा वापरायच्या. खेचरावरून सारे शस्त्रक्रियागृह वाहून नेता यावे म्हणून त्यांनी एक खोगिरासारखी पेटी बनवली होती, आणि तिचा आकार सुचला होता तो शेतकरी गाढवावर खत वाहतात त्या जोडटोपलीवरून! ज्या खताच्या मातीने जखमा सडायच्या त्याच खताच्या टोपलीने औषधे आघाडीवर जायची. इस्पितळ म्हणजे इमारत नव्हेच. गावातल्या घरांतून रुग्ण ठेवलेले, जपानी सैन्य झडती घेत आले की त्यांना गावकऱ्यांनी खांद्यावर घेऊन डोंगरात न्यायचे. मोडलेला पाय न हलवता डोंगर चढणे! आम्ही काकांना रुग्णवाहिकेतून चांगल्या रस्त्याने नेले तरी प्रत्येक खड्ड्याला ते ओरडत होते.

१९४० सालच्या उत्तरार्धात चिनी सैन्याने जपान्यांच्या रेल्वेमार्गांवर आणि ठाण्यांवर एकाच वेळी मोठे हल्ले चढवले. हीच शंभर पलटणींची मोहीम. बसू आणि कोटणीस यांनी आघाडीचे दोन भाग वाटून घेतले. कोटणीसांच्या वाट्याला तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले. एका प्रसंगी ते सलग बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस-तीन रात्री, झोपेविना शस्त्रक्रिया करीत राहिले. हा बहात्तर तासांचा उल्लेख सर्वत्र सापडतो आणि तो पराक्रम म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यामागचे गणित दिसते. उघड्या अस्थिभंगाच्या जखमेत सुरुवातीचे तास मोलाचे असतात. मेलेले मांस जितक्या लवकर काढावे तितका पाय आणि जीव वाचण्याचा संभव अधिक. रांगेत शेवटी झोपवलेल्या सैनिकाला हे कळत नसेल, डॉक्टरला कळते. डॉक्टर झोपला तर सकाळी काही पाय कापावेच लागतील. असे असताना झोप कशी यावी?

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून डॉ. कोटणीसांची नेमणूक झाली. होपे प्रांतातील तांग परगण्यात को-कुंग नावाच्या गावी ते राहू लागले. शस्त्रक्रिया, फेऱ्या, आणि त्याच्या जोडीला शाळा. कारण एका डॉक्टरने किती पाय वाचवावेत? शेतकऱ्यांच्या पोरांना शल्यशास्त्र शिकवायचे होते. जी पोरे आदल्या वर्षी नांगर धरीत होती, बहुतेक आपल्या घरात अक्षर शिकलेली पहिलीच, त्यांच्यापुढे फळ्यावर हाडांची चित्रे काढून हा सोलापूरचा माणूस चिनी भाषेत समजावतो आहे, हे चित्र मला त्या चित्रपटातील कोणत्याही प्रसंगापेक्षा मोठे वाटते. पुस्तके नव्हती म्हणून त्यांनी चिनी भाषेत शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. सामान्य तत्त्वांचा भाग पुरा झाला. शरीराच्या एकेका भागावरच्या शस्त्रक्रियांचा दुसरा भाग अर्धाच राहिला. आसपासचे खेडूत त्यांना सावळी आई म्हणत असे सांगतात. डॉक्टरला बाप म्हणणारे पुष्कळ सापडतील, आई म्हणवून घेणारा विरळा. ज्याने कोणाची रोज पट्टी बदलली आहे त्यालाच हे नाव का पडले ते उमजेल.

क्वो चिंगलान या तेथील शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या तरुणी. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचा डॉ. कोटणीसांशी विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

डॉक्टरांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. आधीच अपुरे अन्न, मीठदेखील दुर्मिळ, शत्रूच्या झडत्यांमुळे रात्री-अपरात्रीची पायपीट, आणि झोप जवळजवळ नाहीच. अशा माणसाने विश्रांती घ्यायला हवी होती हे सांगायला डॉक्टर लागत नाही. ते स्वतः डॉक्टर होते आणि तरी काम करीत राहिले. ९ डिसेंबर १९४२च्या पहाटे एकामागून एक झटके येऊन को-कुंग येथेच त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

त्यांना आधी त्याच परिसरात मूठमाती दिली गेली आणि १९५३ साली शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. बेथ्यून यांच्या सान्निध्यात त्यांची समाधी बांधण्यात आली. डॉ. बसू १९४३ साली भारतात परतले. पाचांपैकी परत न आलेला एकच, म्हणून ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली या हकीकतीवर पुस्तक लिहिले आणि त्यावरूनच तो चित्रपट निघाला. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये डॉक्टरांच्या नावे टपाल तिकीट काढले. दोन्ही देशांचे १९६२ मध्ये युद्ध झाले, संबंध कधी बरे कधी वाईट राहिले, पण चीनचे नेते भारतात आले की मुंबईत राहणाऱ्या कोटणीस भगिनींना आवर्जून भेटत असत.

मुलगा यिनहुआ याने वडिलांचीच वाट धरली होती. तो वैद्यकीय शिक्षण घेत होता, ते पुरे होण्याच्या सुमारास १९६७ मध्ये चोविसाव्या वर्षी तो वारला. क्वो चिंगलान पुढे पुष्कळ जगल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, सोलापूरच्या आपल्या सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ साली दालियन शहरी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सोलापूरच्या भैय्या चौकातील कोटणीसांचे जुने घर महानगरपालिकेने स्मारक म्हणून खुले केले. कल्याणहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघाले की सकाळी सोलापूर येते. दिवाळीच्या सुट्टीत जायचे मी ठरवले आहे. काकांनाही यायचे आहे, आणि वरचा बाक मिळाला तर चढता येणार नाही म्हणून तिकिटे आतापासून काढून ठेवली आहेत.